तापाचं पंचांग

वऱ्हाडातल्या साखरखेर्ड्याचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत येतं ते एका लढाईपुरतं. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी इथे निजाम-उल-मुल्कने दिल्लीच्या बाजूने लढणाऱ्या मुबारिझखानाला हरवलं, मुबारिझखान रणात पडला आणि दख्खनचा सुभा दिल्लीच्या हातून कायमचा निसटला. विजयाची आठवण म्हणून निजामाने गावाला फत्तेखेर्डा असं नाव दिलं, पण लोकांच्या तोंडी जुनंच राहिलं. लढाईचे दिवस दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराचे होते. पाऊस ओसरलेला, ओढे उतरलेले, घोड्यांना वैरण मुबलक. फौजा बाहेर पडायच्या त्या याच दिवसांत.

याच दिवसांत वऱ्हाडात आणखी एक फौज बाहेर पडत असे, आणि ती दर वर्षी न चुकता येई. पोळा झाला की घराघरांत अंगावर काटा येऊ लागे, दुपारच्या उन्हात माणसं घोंगडी पांघरून कुडकुडत बसत आणि दिवाळीपर्यंत हे चाले. हिवतापाचं हे पंचांग कसं तयार झालं, पाटबंधाऱ्यांनी ते कसं बदललं आणि मधल्या काळात ते जवळजवळ पुसलं जाऊन पुन्हा कसं उमटलं, याची ही हकीकत.

कोरडवाहू मुलखाचा एकच हंगाम

पैनगंगा आणि खडकपूर्णा या दोन नद्यांच्या मधे साखरखेर्ड्याचा पठारी मुलूख आहे. वऱ्हाडाचे जुने दोन भाग म्हणजे घाटाखालचं पायनघाट आणि घाटावरचं बालाघाट. हे गाव बालाघाटातलं. जमीन काळी, पाऊस बेताचा, नाले वर्षातले चार-पाच महिने वाहणारे. अशा ठिकाणी तापाला वर्षभर मुक्काम करता येत नाही. त्याला पावसाची वाट पाहावी लागते.

मृगाचा पाऊस पडला म्हणून लगेच ताप येत नाही. मोठ्या सरींनी नाले धुऊन निघतात, डासांच्या अळ्याही वाहून जातात. धोका असतो तो उघडिपीत. नाल्याच्या पात्रात, खदानीत, रस्त्याकडेच्या खड्ड्यांत स्वच्छ पाणी थांबतं, त्यावर ऊन पडतं आणि तिथे ॲनॉफिलिस क्युलिसिफेसिस या डासाची मादी अंडी घालते. ग्रामीण महाराष्ट्रातला हिवताप प्रामुख्याने याच डासाचा. त्याला गटाराचं घाण पाणी आवडत नाही, उन्हातलं निवळ पाणी लागतं. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. त्या डासाने तापकऱ्याचं रक्त प्यायलं तर त्याच्या पोटात जंतू पक्व व्हायला आणखी दहा ते चौदा दिवस. नव्या माणसाला चावल्यावर ताप उमटायला पुन्हा तितकेच दिवस. सगळे मिळून महिना-सव्वा महिना झाला. मृगापासून मोजलं तर पहिले रुग्ण श्रावणात दिसतात, त्यांच्यापासून पुढची फेरी भाद्रपदात, आणि आश्विनात घरटी माणूस आजारी. मार्गशीर्षात रात्री थंडावतात, डासाच्या पोटातली जंतूंची वाढ मंदावते, नालेही आटतात आणि हंगाम संपतो. फाल्गुन-चैत्रात कुणाला पुन्हा थंडी वाजलीच, तर ती बहुधा जुनी कुरकुर असे. व्हायवॅक्स जातीचा जंतू यकृतात महिनोन्‌महिने दडी मारून बसतो आणि मग वर येतो.

डास आणि जंतू कुणाला ठाऊक नव्हते, तरी तापाच्या पाळ्या लोकांना चांगल्या ठाऊक होत्या. दिवसाआड येणारा तो एकांतरा, दोन दिवस सोडून येणारा तो वैद्यांचा चातुर्थिक ज्वर. पोरांची पोटं डावीकडे फुगत, त्याला पाणथरी वाढली म्हणत. काढा असे काडेचिराइताचा किंवा गुळवेलीचा, आणि इंग्रजी अमलात त्यात कोयनेलची, म्हणजे क्विनाईनची, भर पडली. ताप माणूस मारी त्यापेक्षा अधिक माणसं तो निकामी करून ठेवी. त्याचे दिवस आणि शेताचे दिवस एकच होते. कापसाची पहिली वेचणी आणि रब्बीची पेरणी नेमकी याच महिन्यांत येते, आणि घरातले अर्धे हात अंथरुणाला खिळलेले असत.

१९०० सालचा भाद्रपद-आश्विन

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. पुढच्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले, १८७० मध्ये खामगावपर्यंत आगगाडी पोचली आणि वऱ्हाड कापसाचं कोठार झालं. कारभाराची आणखी एक देणगी इतिहासकारांच्या कामी आली, ती म्हणजे जन्ममृत्यूची नोंद. वऱ्हाडातली ही दप्तरं त्या काळच्या हिंदुस्थानात चांगली गणली जातात. त्यांत कारणांचे रकाने मोजके असत. पटकी, देवी, हगवण आणि बाकी बहुतेक सगळ्यांसाठी एकच मोठा रकाना, ताप.

१८९९ मध्ये पाऊस गेला. विहिरी आटल्या, जनावरं मेली, दुष्काळी कामांवर माणसांची रीघ लागली. १९०० च्या उन्हाळ्यात पटकीने माणसं नेली, हगवणीने नेली. मग पाऊस आला, आणि तोही बरा आला. दुष्काळ संपला असं सरकारी कागद म्हणू लागले, शेतं हिरवी झाली, आणि ताप सुरू झाला.

लोकसंख्येच्या इतिहासाचे अभ्यासक टिम डायसन आणि अरूप महारत्न यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांच्या नोंदी महिन्यावार लावून पाहिल्या. त्यांत एक गोष्ट वारंवार दिसते. दुष्काळातला मृत्यूंचा मोठा लोंढा भर उन्हाळ्यात थांबत नाही, पाऊस परतल्यानंतर तो चढतो, आणि त्यात हिवतापाचा वाटा मोठा असतो. कारणं एकावर एक चढलेली आहेत. कोरड्या वर्षात डास नव्हते, म्हणून ताप नव्हता, आणि दर वर्षीच्या तापाने अंगात जी थोडीफार प्रतिकारशक्ती टिकते ती ओसरली होती. माणसं उपासमारीने खंगलेली होती. क्युलिसिफेसिस हा मुळात गोठ्यातला डास, गाईबैलांचं रक्त त्याला अधिक प्रिय. गोठे रिकामे झाल्यावर त्याने माणसाकडे मोर्चा वळवला. दुष्काळी कामांवर रस्त्यांसाठी माती उकरलेली, तळी खोदलेली. पहिल्या पावसात त्या सगळ्या खड्ड्यांत पाणी भरलं.

१८९१ ते १९०१ या दहा वर्षांत वऱ्हाडाची लोकसंख्या सुमारे २९ लाखांवरून साडेसत्तावीस लाखांवर आली. भूक, पटकी, हगवण आणि ताप यांची ती एकत्रित वजाबाकी आहे. त्यात तापाचा हिस्सा उशिराचा, म्हणूनच सहज नजरेआड होणारा. दुष्काळ संपल्यावर मेलेला माणूस दुष्काळाच्या खात्यात क्वचितच धरला जातो.

यातला दैवदुर्विलास असा, की तापाचं कोडं तोवर सुटलं होतं आणि ते शेजारीच सुटलं होतं. २० ऑगस्ट १८९७ रोजी निजामाच्याच राज्यातल्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना ॲनॉफिलिस डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला होता. रॉस यांना डास आणि तापकरी एकदम मिळाले ते ऐन हंगामात, हाही पंचांगाचाच भाग. पण शोध आणि खेडं यांच्यामध्ये अजून अर्धशतक होतं.

पाट आला, हंगाम लांबला

दुष्काळावर इंग्रज सरकारचं उत्तर होतं कालवे. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यात नीरा डावा कालवा झाला, त्याचं पाणी १८८५ पासून धावू लागलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव शतकात नांदूर मधमेश्वरहून गोदावरीचे कालवे निघाले, १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं आणि प्रवरेचे पाट भरून वाहू लागले. बाजरीच्या माळावर ऊस उभा राहिला. सासवडचे माळी बागायतदार नीरेवरून गोदाकाठी सरकत गेले, साखर कारखाने उभे राहिले. मराठी मुलखातल्या समृद्धीचा एक मोठा अध्याय या पाटांनी लिहिला.

पण कालव्यामागून ताप येतो, हे सरकारला त्याच्या कितीतरी आधी कळलेलं होतं. पश्चिम यमुना कालव्याकाठच्या कर्नाल इथली इंग्रजी छावणी १८४० च्या दशकात तापाने इतकी झोडपली गेली की ती सोडून द्यावी लागली. कारण शोधायला बेकर आणि यूल हे दोन अभियंते व डेम्प्स्टर हे सर्जन अशी समिती नेमली गेली. डेम्प्स्टर यांनी गावोगाव जाऊन लोकांची पोटं चाचपली आणि किती जणांची पाणथरी वाढली आहे याची टक्केवारी काढली. हिवताप मोजायची ही पद्धत पुढे जगभर शंभर वर्षं वापरली गेली. १८४७ च्या अहवालातला निष्कर्ष आजही वाचावा असा आहे. कालव्याचं पाणी मिळालेली सगळीच गावं आजारी नव्हती. जिथे पाण्याला निचरा होता तिथली पोरं धडधाकट होती. जिथे कालव्याच्या भरावाने ओढ्यानाल्यांच्या वाटा अडवल्या होत्या, जमीन भारी होती आणि पाणी मुरत वा वाहत नव्हतं, तिथे ताप होता.

लाहोरजवळच्या मियां मीर छावणीत १९०२ पासून याच प्रश्नावर दुसरा प्रयोग झाला. छावणीतल्या बागांना कालव्याचं पाणी चाऱ्यांनी येई आणि त्या चाऱ्यांत क्युलिसिफेसिस वाढे. चाऱ्या बुजवल्या, अळ्या मारल्या, क्विनाईन वाटलं, आणि तरी ताप हटला नाही. १९०९ मध्ये सिमल्याच्या मलेरिया परिषदेत यावरून मोठा वाद झाला. रॉस यांचं म्हणणं, काम अपुरं झालं. उलट बाजूचं म्हणणं, शेतीच्या मुलखात डास संपवणं आटोक्याबाहेरचं आहे. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं. छावणीपुरत्या चाऱ्या बुजवून भोवतालच्या पाण्याचं काय करणार?

दख्खनच्या पाटांनाही हाच नियम लागू होता. पाटाची गळती, फुटक्या पोटचाऱ्या, भरावासाठी माती उकरलेले खड्डे, शेवाळलेले सांडवे. अति पाण्याने काळ्या जमिनी चिबड झाल्या, मग चोपण झाल्या. कोरडवाहू मुलखात दिवाळीनंतर आटणारं पाणी इथे फाल्गुन-चैत्रातही शेताच्या कडेला उभं असे. थंडी सरून हवा तापू लागली की डासाला पुन्हा अनुकूल काळ मिळतो, तो कोरड्या माळावर पाण्याअभावी वाया जातो. पाटाखाली तो वाया जात नाही. बागायतीने जसं खरिपाला रब्बी आणि उन्हाळी पीक जोडलं, तसा तापालाही दुसरा हंगाम जोडला. पाटामागोमाग माणसंही येत. दसऱ्यानंतर कोरडवाहू पट्ट्यांतून ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या आपापल्या गावचा ताप अंगात घेऊन येत आणि पाटाच्या काठी कोप्या घालून राहत.

उपायाचं सूत्र पुढे दक्षिणेत सापडलं. मेट्टूर धरणाच्या पाण्याने तंजावरकडच्या पट्टुकोट्टै भागात ताप माजला, तेव्हा पॉल रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या सुमारास भाताच्या खाचरांना पाणी सतत न देता मधे काही दिवस जमीन सुकू देऊन पाहिली. अळीचा डास होण्याआधी पाणी गेलं की ती मरते, एवढाच हिशेब. मुंबई इलाख्यात विश्वेश्वरय्या यांनी कालव्यांसाठी जी ब्लॉक पद्धत आखली होती, ती पाण्याची बचत आणि जमिनीची निगा यांसाठी होती. पण पाणी पाळीने द्यायचं, एका जागी मुरू द्यायचं नाही, हे तिचं तत्त्व तापाच्या दृष्टीनेही शहाणपणाचं होतं. पाटबंधारे आणि आरोग्य या दोन खात्यांनी ते एकत्र बसून वापरलं असतं, तर या इतिहासाला वेगळं वळण लागलं असतं. त्याआधीच डीडीटी हे कीटकनाशक आलं.

दारावरचा गेरू

डॉ. डी. के. विश्वनाथन आणि टी. रामचंद्र राव यांनी १९४६ मध्ये मुंबई इलाख्याच्या उत्तर कानडा आणि धारवाड जिल्ह्यांत घरांच्या भिंतींवर आतून डीडीटी फवारली. ग्रामीण हिंदुस्थानात एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे पहिल्यांदाच होत होतं. युक्ती अशी की पाण्याला हातच लावायचा नाही. मादी रक्त पिऊन जड झाली की जवळच्या भिंतीवर टेकते, तिथे तिला विष मिळतं. गावातले सगळे डास मेले नाहीत तरी चालतं. जंतू पक्व व्हायला लागणारे दहा ते चौदा दिवस डास जगला नाही, की साखळी तुटते. हा घाव थेट तापाच्या पंचांगावरच होता.

निकाल इतके ठळक होते की १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तेव्हाचा अंदाज होता, देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू. म्हणजे दर पाच माणसांत एक. साखरखेर्ड्याचा बुलढाणा जिल्हा तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता, १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला. १९५८ मध्ये ‘नियंत्रण’ जाऊन ‘निर्मूलन’ आलं. खांद्यावर पंप घेतलेले फवारणीवाले वर्षातून दोनदा येत. पंधरा दिवसांनी मलेरियावाला कर्मचारी येई, ताप आहे का विचारी, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेई, चार गोळ्या देई आणि दाराशेजारच्या भिंतीवर गेरूने तारीख टाकून पुढच्या घरी जाई. स्वतंत्र भारताचं सरकार कित्येक खेड्यांत पहिल्यांदा इतक्या नियमाने दाराशी आलं ते तापाच्या निमित्ताने.

या मोहिमेत घराघरांतून एक अडचण निघे. फवारलेली डीडीटी भिंतीवर दहा-बारा आठवडे काम करते. पण तापाचा कहर होतो ते दिवस नवरात्र-दिवाळीचे, आणि तेव्हाच घराघरांत भिंती पांढऱ्या मातीने, शेणाने सारवल्या जातात. पोतेऱ्याच्या एका हाताखाली औषध गाडलं जाई. कर्मचारी विनवत, बाया ऐकून घेत आणि सण आला की सारवत. त्यांचंही काही चुकत नव्हतं. फवारणीचं वेळापत्रक सणांकडे बघून आखलेलं नव्हतं.

तरीही यश मोठं होतं. १९६५ मध्ये देशातले नोंदलेले रुग्ण एक लाखाच्या आसपास उरले आणि मृत्यू एकही नाही. ज्यांची पाणथरी बोटाला लागत नव्हती, अशा मुलांची एक पिढी वाढली. गावांनी भाद्रपदाला भिणं सोडलं.

परतीचा हंगाम

भिणं सोडलं त्याच काळात ताप परतायची तयारी चालली होती. १९५८ मध्ये ठाणे जिल्ह्यात क्युलिसिफेसिस डास डील्ड्रिन या कीटकनाशकाला जुमानत नसल्याचं दिसलं, १९५९ मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्यातल्याच पंचमहाल जिल्ह्यात डीडीटीलाही. त्यात शेतीची भर पडली. १९७० मध्ये एच-४ हा संकरित कापूस आला, उत्पन्न वाढलं, तशी कीडही वाढली आणि फवारण्याही. पिकावर मारलेलं औषध धुऊन नाल्यात जाई. भिंतीवर ज्या विषाला डासाने दबून असावं अशी अपेक्षा होती, त्याच जातीच्या विषाची त्याला अळीपणापासून सवय होऊ लागली.

दुसरीकडे मोहिमेचा जोर ओसरला होता. डीडीटी वेळेवर मिळेना, तपासायच्या काचपट्ट्या महिनोन्‌महिने पडून राहू लागल्या. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने लाखो माणसांना कामं दिली, गावोगाव पाझर तलाव आणि नालाबांध उभे राहिले. भूकबळी टाळणारी ती मोठीच कामगिरी होती. पण पाझर तलावाच्या पायथ्याशी झिरपून साचणारं निवळ पाणी क्युलिसिफेसिसच्या पसंतीचं असतं, आणि दुष्काळानंतरच्या पावसाचा १९०० चा धडा कुणाच्या कामाच्या वहीत नव्हता. १९७६ मध्ये देशात ६४.७ लाख रुग्णांची नोंद झाली. १९७७ च्या सुधारित योजनेने निर्मूलनाची भाषा सोडली आणि ताप आटोक्यात ठेवण्यावर समाधान मानलं.

याच धक्क्यातून पाण्याकडे पुन्हा लक्ष गेलं. १९८३ पासून गुजरातेत मही कालव्याच्या खेडा जिल्ह्यात, नडियादजवळच्या गावांत, मलेरिया संशोधन केंद्राने फवारणीऐवजी खड्डे बुजवणं, निचरा काढणं, अळ्या खाणारे मासे सोडणं असे उपाय लोकांच्या मदतीने राबवले. डेम्प्स्टर यांनी १८४७ मध्ये निचऱ्याबद्दल लिहिलं ते १३६ वर्षांनी कार्यक्रम म्हणून उभं राहिलं.

आजचं पाणी

आता खडकपूर्णेवर देऊळगाव राजा तालुक्यात धरण आहे. जवळच्या मेहुणा राजा या चोखोबांच्या जन्मगावामुळे त्याला संत चोखासागर म्हणतात. मेहकर तालुक्यात पैनगंगेवर पेनटाकळी प्रकल्प आहे. शिवारात शेततळी आहेत, नाले खोल केलेले आहेत. महामार्गासाठी लागणारी माती तलाव आणि नाले खोलीकरणातून घ्यायची, या रीतीला तर ‘बुलढाणा पॅटर्न’ असं नाव पडलं. रस्त्याकडेचे उथळ खड्डे हे शतकभर तापाचं माहेर होते, त्यांच्या जागी खोल, उभ्या काठांचे, मासे सोडता येतील असे साठे होत असतील तर तो सुज्ञपणाच.

एवढं पाणी वाढूनही महाराष्ट्रातला हिवताप आज मुख्यतः दोन टोकांना उरला आहे, गडचिरोलीच्या जंगलात आणि मुंबईत. पक्की घरं, नवी औषधं, आशाताईंच्या हातातली झटपट तपासणी यांनी बागायती पट्ट्यांतला ताप दबला. पाणी आलं की ताप येणारच, असा नियम नाही हे त्यावरून पुन्हा सिद्ध झालं. भाद्रपदातल्या तापाची जागा मात्र रिकामी राहिली नाही. २००६ मध्ये चिकुनगुनियाने राज्यभर माणसांचे सांधे धरले, आणि आता डेंग्यूची पाळी असते. त्यांचा डास वेगळा, एडिस, घरातल्या रांजण-टाक्यांत वाढणारा. नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात भरून ठेवलेलं प्रत्येक भांडं त्याच्या उपयोगाचं. म्हणून आरोग्य खातं सांगतं, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा.

कोरडा दिवस हा उपाय आणि पट्टुकोट्टैची सुकू दिलेली खाचरं यांच्यामागे हिशेब एकच आहे. पाणी किती आहे याला फारसं महत्त्व नाही, ते एका जागी किती दिवस उभं आहे याला आहे. हंडे कोरडे करायला आपण घरच्या बाईला सांगतो. पाट कोरडा करायला कुणाला सांगत नाही. पाळी बंद झाली की पात्रात डबकी राहतात, गळक्या दारांखाली चर भरून राहतो, आणि पुढची पाळी येईपर्यंत डासांची पूर्ण पिढी होऊन जाते. पाळ्यांच्या तारखा कालवा सल्लागार समितीत ठरतात, डासांची मोजदाद जिल्हा हिवताप अधिकाऱ्याच्या कार्यालयात होते. ही दोन वेळापत्रकं एकाच टेबलावर ठेवायला नवा कायदा लागत नाही, नवं औषधही लागत नाही. समितीच्या बैठकीत एक जादा खुर्ची पुरते.